नावं मेव्हण्याच्या नावावर

कॉम्प्युटरच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, फडताळ उघडलं की अंगावर पडतात. माझे बहुतेक किस्से सांगलीतल्या दिलीपच्या ऑफिसातले. नव्वदचं दशक संपत आलेलं, गावात इंटरनेट नुकतंच आलं होतं. दिलीप वेबसाइट बनवायचा, मी त्याच्या हाताखाली होतो. काही किस्से हसण्यासारखे आहेत. सगळे नाहीत.

*

साताऱ्याचे पेढेवाले तात्या आमचं पहिलं गिऱ्हाईक. दुकानाचं नाव स्क्रीनवर झळकलं तसं त्यांनी मॉनिटरला हळदकुंकू वाहिलं आणि विचारलं, "आता ह्याचा सातबारा कुणाच्या नावावर?"

डोमेन, म्हणजे साइटचं नाव, विकत घ्यायला परदेशात चालणारं क्रेडिट कार्ड लागायचं. ते आमच्या ओळखीत एकाकडेच होतं, दिलीपच्या अमेरिकेतल्या मेव्हण्याकडे, शेखरकडे. त्यामुळे सगळी नावं त्याच्या नावावर!

तात्या गारच पडले. "आवं, मेव्हण्याच्या नावावर कुणी गोठासुदिक ठेवत न्हाई!"

*

हळदीचे व्यापारी अण्णा मात्र सारखे मागे लागायचे, "माझं नाव माझ्या नावावर कर रं." त्यांना दुबईच्या ऑर्डरी साइटवरून यायच्या. दिलीप हसायचा. "अण्णा, शेखर माझ्या खिशात आहे. त्याची बहीण माझ्या घरात आहे ना!"

ती बहीण, सुनीता, दुपारी डबा घेऊन यायची. ऐन मे महिन्यात मनगटापर्यंत बाह्यांचं ब्लाउज. एकदा डबा ठेवताना बाही वर सरकली, तिनं ती झटकन खाली ओढली. मी पुन्हा कीबोर्डकडे वळलो.

*

एका सोमवारी सगळ्या साइट बंद. "सर्वरचा प्रॉब्लेम," दिलीप फोनवर सांगत सुटला. खरं असं, की सुनीता आदल्या दिवशी वाईला माहेरी निघून गेली होती.

अण्णांनी माझ्याकडून नंबर घेऊन थेट शेखरलाच फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "ताई त्या घरात होती म्हणून नावं चालू होती. ताई नाही, नावं नाहीत."

*

मग अण्णांची जीप वाईला. अण्णा, तात्या आणि मी. सुनीतानं स्वतः चहा आणून दिला. हळदीचा सीझन तोंडावर आलेला, अण्णा आडवळणानं बोलले नाहीत. "पोरी, संसारात भांड्याला भांडं लागतंच. जा नांदायला. आमचा लय खोळंबा झालाय बघ."

सुनीता म्हणाली, "अण्णा, तुमचं नाव चार दिवस बंद पडलं तर तुम्ही सांगलीहून वाईला आलात. मी तिथं एवढी वर्षं मार खाल्ला, शेजारच्या गल्लीतून कुणी आलं नाही."

तात्या उठून बाहेर जाऊन उभे राहिले. अण्णांनी चहा तसाच ठेवला.

*

पुढे दिलीपनं तिच्या वडिलांचे पाय धरले, वडिलांनी तिच्यापुढे हात जोडले आणि ती परत आली. शेखरची अट एकच, ताईचा दर रविवारी फोन. रविवारी फोन नाही, तर सोमवारी साइट नाही.

दिलीप स्वतः तिला एसटीडी बूथवर घेऊन जायचा आणि काचेबाहेर उभा राहायचा. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "नवरा असावा तर असा!"

दरम्यान शेखरनं अण्णांना कळवलं, तुमचं नाव तुमच्या नावावर करून देतो. मी अण्णांना म्हटलं, "सुटलात!"

"नगं," अण्णा म्हणाले. "त्याच्याकडंच ऱ्हाऊ दे."

*

त्यानंतरच्या पावसाळ्यातला एक सोमवार. साइट उघडेना. मी अण्णांना फोन केला. त्यांनी कारण विचारलं नाही. जीप घेऊन आले, मला बसवलं आणि दिलीपच्या दारात उभी केली.

दिलीप बनियनवरच बाहेर आला. "अण्णा, तुम्ही कशाला आलात? सर्वरचा प्रॉब्लेम आहे, संध्याकाळपर्यंत होईल चालू."

"सर्वर ऱ्हाऊ दे," अण्णा चपला न काढताच आत शिरले. "पोरगी कुठं हाय?"

स्वयंपाकघराच्या दाराला बाहेरून कडी होती.