भिंतीतलं युनियन

आमच्या नांदेडच्या घराचं वायरिंग केलेला मिस्त्री टेस्टर नाचवल्याशिवाय बोलतच नाही. वायरच्या लोखंडी पाइपांना जोडणारं युनियन बसवतानाही त्यानं तो नाचवला होता. “सर, एवढा नट फिरवला की जोड सुटतो, पाइप हलवायचं काम न्हाई. उद्या वायर जळली तरी फिकर करू नका.” आणि लगेच त्यावर स्वतःच्या हातानं सिमेंट लिंपलं.

परवा वायर जळलीच. त्यानं येऊन अर्धी भिंत फोडली, ढिगाऱ्यातून युनियन शोधलं, फुंकर मारली आणि नट फिरवला. टेस्टर माझ्या नाकासमोर नाचवत म्हणाला, “बघा सर, म्हनलो न्हवतो? किती सोपं हाय!”

वायर बदलून झाल्यावर त्यानं घमेलं मागितलं, सिमेंट कालवायला.