उल्केला घातलेली आंघोळ

विद्यापीठाच्या उल्का-दालनात मी साफसफाईला आहे. आभाळातून पडलेले दगड काचेच्या पेट्यांत ठेवलेत. शाळेची पोरं बघायला येतात, शिकणारे भिंगातून तपासतात. माझी कामाची ऑर्डर अकरा महिन्यांची. दगडांना हात लावायचा नाही, असं दालन सांभाळणाऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलेलं.

पण खंडेनवमीला आमच्यात विळ्याखुरप्यापासून शिलाई मशीनपर्यंत सगळं धुऊन पुजतात. इथं झेरॉक्स मशीनला हार आणि दगड मात्र पारोसे, हे काही मला बघवेना. मॅडम सुट्टीवर, चावी माझ्याकडं. सगळ्यात मोठा, लोखंडाचा दगड बाहेर काढला, बोअरच्या पाण्यानं आंघोळ घातली, हळदकुंकू वाहिलं आणि ओला तसाच पेटीत ठेवला. कसलं मेलं शहाणपण!

सुट्टी संपवून आले, तर दगडाची कापून आरशासारखी चकचकीत केलेली बाजू तांबडी झालेली. गंज. पदरानं घासलं, तरी जाईना.

हा दगड बेंबळी गावाकडच्या एका मेंढपाळ बाबांचा. माळावर सापडला, मग कितीतरी वर्षं त्यांच्या देव्हाऱ्यात होता. लोकांनी बघावा म्हणून त्यांनी दिला, पण नीट सांभाळला नाही तर परत नेणार, असं सांगूनच. दसरा झाला की ते बघायला येतात. दगड गेला तर माझी नोकरीही गेली, हे मला कुणी सांगायला नको होतं.

मॅडम आल्या आल्या सगळं सांगून टाकलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हातमोजे घालून त्यांनी दगड फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाल्या, गंज आत शिरला तर थांबत नाही. बाबांना तुम्हीच सांगा.

बाबा यायच्या आधीचे चार दिवस जिन्यात काही वाजलं की मला त्यांचीच काठी वाटायची.

बाबा आले. काचेला डोळे लावून लई वेळ बघत राहिले.

"पानी कुनी लावलं? आमी निस्तं तेल लावत व्हतो."

"मी, बाबा. नवमीची पूजा केली."

ते माझ्याकडं वळले. डोळे भरलेले. "पूजा केली व्हय? मला वाटलं, हितं याचं कुनीच न्हाय. आता ऱ्हाऊ द्या हितंच. पर बाई, दरसाल करा."

मॅडम माझ्याकडं बघत होत्या. मी पदरानं काच पुसायला घेतली.

दगड राहिला, मीही राहिले. मॅडमनी गंज घासून काढला, पण कडेला एक तांबडा ठिपका उरलाय. रोज कुलूप काढलं की आधी तो बघते, वाढला की काय म्हणून. यंदा नवमीला फूल ठेवलं, ते काचेच्या बाहेर. पाणी मात्र त्या खोलीत नेत नाही, प्यायचंसुद्धा.