हवेत आवळलेले बोल्ट

बाबांना रोज ठाण्याला न्यायचं होतं, सलग पंचवीस दिवस. कॅन्सर मणक्यात उतरला होता आणि त्यावर रेडिएशनचे शेक द्यायचं ठरलं होतं. डॉक्टर स्पष्टच बोलले, याने आजार जाणार नाही, दुखणं कमी होईल. जाता-येता धक्के मात्र बसू देऊ नका. हे त्यांनी सांगितलं ते अशा माणसाला, ज्याची गाडी अकरा वर्षं जुनी होती आणि पुढून डब्यात खिळे भरल्यासारखी वाजत होती.

आमचं घर वळ गावात. तिथून मानकोली नाक्यापर्यंतचा रस्ता गोदामांच्या ट्रेलरनी पार खाऊन टाकलेला. तपासणीला एकदा रिक्षाने नेलं, तेव्हा नाका यायच्या आत दोनदा रिक्षा थांबवून बाबांना कडेला उभं करावं लागलं. ते माझ्या खांद्याला धरून उभे राहायचे, डोळे मिटून. तोंडातून हूं नाही की चूं नाही. त्या दिवशीच मी ठरवलं, गाडी नीट करायची आणि मगच यांना नेणं सुरू करायचं.

गॅरेजवाल्याने शनिवारी गाडी पाहिली. म्हणाला, पुढचं सगळं गेलंय, लोअर आर्म, लिंक रॉड, शॉकअप. तीन दिवस गाडी सोडा. पण शेक सोमवारपासून होते. मी म्हटलं, घरीच करतो, आणि नवे सुटे भाग घेऊन आलो. मी एका गोदामात माल पाठवायच्या कामावर आहे. पान्याशी माझी ओळख सायकलपुरती. पण तीन व्हिडिओ पाहिले आणि मला वाटायला लागलं की आपण जन्मतः मेकॅनिकच आहोत. शिकवलेली अक्कल आणि बांधलेली शिदोरी पुरत नाही म्हणतात. माझी तर शिकवलेलीही नव्हती, नुसती पाहिलेली होती.

बाबा तीस वर्षं पॉवरलूमवर जॉबर होते. जॉबर म्हणजे लूम बिघडली की ती दुरुस्त करणारा. त्या खडखडाटात त्यांचे कान गेले. शेवटची काही वर्षं तर ते लूमच्या अंगावर तळहात ठेवून सांगायचे की दुखणं कुठे आहे. त्यांच्यामुळे आमच्या घरात सगळेच मोठ्याने बोलतात. नवीन पाहुण्याला वाटतं भांडण चाललंय.

रविवारी सकाळी मी अंगणात गाडी जॅकवर चढवली, खाली टेकूला घोड्या लावल्या आणि चाकं काढली. बाबांनी आईला शेवग्याखाली खुर्ची टाकायला लावली. पाठीला दोन उशा घेऊन ते बसून राहिले. मी त्यांना आत जा म्हणत होतो, ते हात हलवून नाही म्हणत होते.

लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीशी धरून ठेवणारा लोखंडी हात. त्याच्या सांध्यात रबराचे बुश असतात, माणसाच्या दोन मणक्यांमध्ये चकती असते तसे. जुन्या आर्मचे बोल्ट गंजून बसले होते. एकेका बोल्टाने अर्धा-पाऊण तास घेतला. बोटांची सालं निघाली, डोळ्यांत गंजाचा भुगा गेला. दुपारी ऊन अंगणभर पसरलं तेव्हा कुठे दोन्ही नवे आर्म जागेवर बसले. मी पान्याला पाइप लावला आणि सगळा राग काढून बोल्ट आवळायला घेतला.

"आरं बाला," बाबा खुर्चीतून म्हणाले, "चाक हवेत हाय. आता निस्ता अडकवून ठेव. गाडी खाली घे, तिचा भार येऊ दे, मंग आवळ."

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ते पुन्हा म्हणाले, "लूमचं पन तसंच अस्तं. आधी भार, मंग शेवटचा पाना."

मी गाडीखालून डोकं बाहेर काढलं. "बाबा, ही लूम न्हाय. आयुष्यात कधी गाडी चालवलीय का तुम्ही? उगाच डोकं खाऊ नका."

त्यांनी कानामागे हात नेला. "काय?"

इथे मला थांबता आलं असतं. शपथेवर सांगतो, थांबता आलं असतं. चांगलं ऐकणारा माणूस असता तर वाईट शब्द एकदाच बोलून झाला असता. मी तो पुन्हा बोललो, जास्त जोरात, एकेक शब्द सुटा करून. शेजारच्या वहिनी दोरीवरचे कपडे काढत होत्या, त्यांचा हात थांबला.

"बरं," बाबा म्हणाले. थोड्या वेळाने आईने त्यांना धरून आत नेलं. मी दोन्ही बाजूंचे बोल्ट हवेतच आवळले, चाकं चढवली आणि संध्याकाळच्या आत गाडी खाली घेतली.

सोमवारी निघालो. खडखड पार बंद झाली होती. मला एवढा आनंद झाला की मानकोलीपर्यंत मी तीन वेळा बाबांकडे वळून पाहिलं. त्यांनी उजवा तळहात पुढे डॅशबोर्डवर सपाट ठेवला होता. मला वाटलं, आधारासाठी.

"कसं वाटतंय?" मी ओरडून विचारलं.

"मऊ," ते म्हणाले. "लोन्यावानी."

ते लोणी मी गोदामात सगळ्यांना वाटलं. ज्याला त्याला सांगायचो, गाडीचं काम घरी केलं, बाप खूश आहे. पंचवीस दिवस आम्ही गेलो-आलो. खड्डा आला की ते दात आवळायचे, मानेची शीर वर यायची. मला वाटायचं आजार वाढतोय. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी आणखी एक उशी मागितली, ती मी दिली. शेक संपले आणि पुढच्या महिन्यात ते घरीच वारले, आईचा हात हातात असताना.

बाबांच्या मागे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भाड्याने आणलेली भांडी परत करायला निघालो तर गाडी पुढून कुरकुरायला लागली. आठवड्याभरात ती कुरकुर ठोक्यांवर आली. अंजूरफाट्याच्या एका गॅरेजमध्ये नेली. तिथला मिस्त्री आझमगढचा, म्हातारा. तो खाली बॅटरी मारून बघत राहिला आणि म्हणाला, "ये आर्म किसने लगाया? हवा में लटकाके टाइट किया है. रबर पहले दिन से मरोड़ा हुआ है."

मी विचारलं, त्याने काय होतं. तो म्हणाला, रबर पिळलेलं राहिलं की ते झटका गिळत नाही, गाडी कडक होते आणि खड्ड्याचा मार आत बसलेल्याच्या अंगात जातो. नंतर एक दिवस रबर फाटतं. "उसी दिन ढीला करके, गाड़ी नीचे रखके फिर से कस देते. दस मिनट का काम था."

त्याने नवे बुश घातले, चाकं जमिनीवर टेकवून आवळले. परत येताना तेच खड्डे लागले, मला तोंडपाठ असलेले. गाडी त्यांच्यावरून गेली, आणि मला ते नुसते कळले, लागले नाहीत. असं असायला हवं होतं तर! मानकोलीच्या अलीकडे मी गाडी बाजूला घेतली आणि रडलो. मागून ट्रेलर हॉर्न देत होते.

घरी आई तांदूळ निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. वाटलं, ती मला समजावेल, तुला काय ठाऊक म्हणेल. तिने मान वर केली नाही.

"त्यांना पयल्याच दिवशी कळलेलं," ती म्हणाली. "हात ठेवला नं गाडीला, तवाच. घरी आल्यावर मला बोलले, पोरानं हवेतच आवळलंय."

"मग मला सांगितलं का नाहीस? दहा मिनिटांचं काम होतं गं."

"मी उठलेली सांगायला. त्यांनी हात धरला माजा. बोलले, नको. तो परत वराडल." तिने एक खडा काढून बाजूला टाकला. "बोलले, मला आता दुसरं कायबी ऐकू येत न्हाय, त्याचं वराडनं तेवडं येतं."