चौदाची रास

“वकीलबाई, किती घेऊन गप्प बसाल तेवढं सांगा.”

पारोळ्याच्या कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर नाना माझ्या शेजारी येऊन बसले. पांढरी टोपी, कडक इस्त्रीचं धोतर, हातात कापडी पिशवी. नाना म्हणजे माझ्या अशिलाचे, संगीताचे, एकेकाळचे सासरे. अर्ध्या तासात त्यांच्या मुलाची, प्रवीणची, उलटतपासणी सुरू होणार होती आणि ती मी घेणार होते.

“नाना, चहा घ्या,” मी म्हटलं.

“चहाचं जाऊ द्या. एकरकमी देतो. बाईने कागदावर सही करायची, की पोरीसाठी पुन्हा काही मागणार नाही. तुम्हीही मोकळ्या, आम्हीही मोकळे.”

“आईला मुलीचा हक्क सोडता येत नाही नाना. तो मुलीचा असतो. तिने सही केली तरी त्याला कोर्टात किंमत नाही.”

“अहो, कायदा मला नका शिकवू. पोरगी पारोळ्यात आर्ट्सला घाला. घरून जाईल, घरून येईल. दोन वर्षांनी स्थळ आम्ही बघतो. धुळ्याला हॉस्टेलात ठेवून सायन्स करायचं खूळ कुणाचं?”

माझं डोकं तिथेच सटकलं. चहा अर्धा टाकून मी उठले. “तिचं स्वतःचं,” म्हटलं, आणि काळा कोट अंगावर चढवला.

आधीचं थोडं सांगते, म्हणजे भांडण कशाचं होतं ते कळेल. संगीता मूळची पारोळ्याची. दिली होती रावेरकडे, केळीवाल्या घरात. फारकत झाली तेव्हा मुलगी मयूरी चार वर्षांची होती. संगीताने स्वतःसाठी एक छदाम मागितला नाही. मुलीसाठी महिना दोन हजार पोटगी ठरली, आणि ती माहेरी येऊन ब्लाउज शिवायला बसली. बारा वर्षं झाली. मयूरी सोळाची झाली, पोटगी तेवढीच राहिली.

पुष्कळ बायकांना वाटतं, एकदा ठरलं म्हणजे ती काळ्या दगडावरची रेघ. तसं नाही. परिस्थिती बदलली की पोटगीत बदल मागता येतो. नवी केस नाही, जुन्याच आदेशात बदल करा असा अर्ज. फक्त दोन गोष्टी दाखवायच्या : गरज वाढलीय, आणि देणाऱ्याची ऐपत आहे. पहिली सोपी असते. दुसऱ्या गोष्टीला घाम फुटतो.

संगीता पहिल्यांदा धुळ्याला माझ्या ऑफिसात आली, तेव्हा मी नेहमीचा प्रश्न विचारला, “बाई, लढायची तयारी आहे ना? तारखा पडतील. लोक बोलतील.”

ती म्हणाली, “ताई, माले भीक नको. पोरना हक शे तो. पारोळानं बठ्ठं गाव बोलू दे.”

बठ्ठं म्हणजे सगळं. मला अशी माणसं आवडतात. फी नंतर बघू म्हटलं.

दहावीच्या परीक्षेआधीच अर्ज टाकला. मयूरीला चांगले मार्क पडले, धुळ्यात अकरावी सायन्सला नंबर लागला. हॉस्टेलचा पहिला हप्ता संगीताने शिलाई मशीन गहाण टाकून भरला. दुसरा दिवाळीच्या आत भरायचा होता. नाही भरला, तर खोली खाली करा असं हॉस्टेलने लेखी कळवलं होतं. खोली गेली की कॉलेज गेलं, कारण पारोळ्याहून रोज एसटीने ये-जा करून प्रॅक्टिकल, क्लास हे काही जमणारं नव्हतं. एवढंच पणाला लागलं होतं. पोरीची दोन वर्षं. त्यावर पुढचं सगळं.

अशा केसमध्ये दोन्ही बाजूंना आपली मिळकत आणि खर्च शपथेवर लिहून द्यावे लागतात. त्याला आम्ही प्रतिज्ञापत्र म्हणतो. प्रवीणने लिहून दिलं, ‘माझ्या नावावर जमीन नाही. मी वडिलांच्या शेतात सालदार आहे.’ सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. बापाच्या शेतात एकुलता एक मुलगा सालदार! वर आणखी लिहिलं होतं, ‘करपा रोगामुळे बाग बसली आहे. चौदाची रास पडते. त्यामुळे वडीलही मदत करू शकत नाहीत.’

रास म्हणजे घडाचं सरासरी वजन. बाग कापली की एक घड सरासरी किती किलोचा भरला, त्यावर शेतकऱ्याची अब्रू ठरते. आमच्या भागात दोन केळीवाले भेटले तर तब्येत नंतर विचारतात, रास आधी.

मी काय केलं? कागदांच्या मागे धावले. सातबारा काढला, सगळी जमीन नानांच्या नावावर. व्यापाऱ्याकडे माणूस पाठवला, तो म्हणाला आम्हाला कोर्टकचेरीत ओढू नका. बँकेचं खातं मागवलं, त्यात प्रवीणचे चारशे रुपये. चार तारखा गेल्या आणि माझ्या हातात धुपाटणं.

संगीता तेव्हाच सांगत होती, “ताई, कागद सोडा. त्याला बागेबद्दल विचारा. त्या माणसाला आईवरून शिवी दिली तरी चालते, बागेला नाव ठेवलेलं चालत नाही. लग्नानंतर एकदा पाहुण्यांसमोर मी म्हटलं, यंदा घड लहान वाटतात. दोन दिवस जेवला नाही.”

मी तिला झापलं. “संगीता, हे कोर्ट आहे. इथे पुरावा लागतो, रुसवेफुगवे नाही.”

वीस वर्षांची वकिली, आणि शहाणपणा बघा माझा.

तर त्या दिवशी प्रवीण पिंजऱ्यात उभा राहिला. मळका शर्ट मुद्दाम घातलेला. त्याचे वकील चौधरी, सज्जन माणूस, त्यांनी त्याला चांगलं घोटवून आणलं होतं.

“तुम्ही सालदार?” मी विचारलं.

“हो.”

“साल कधी ठरतं?”

“आखाजीला, अक्षय्य तृतीयेला.”

“कोण ठरवतं?”

“वडील.”

“पाणी कधी सोडायचं, खत किती द्यायचं?”

“वडील सांगतील तसं. मला त्यातलं कळत नाही.”

एकेक उत्तर गुळगुळीत. धरायला काही नाही. मागे बाकावर नाना आरामात रेलले होते. मी फाइलची पानं उगाच उलटली. शपथेवर सांगते, माझ्याकडचे प्रश्न संपले होते. मान वर केली तर समोर संगीता बसलेली. तिने नुसती हनुवटी उचलली. विचार म्हणून.

मी फाइल मिटली.

“बरोबर आहे प्रवीणभाऊ. तुम्हाला कळत नाही हे दिसतंच आहे. बाग करप्यानेच बसली ना?”

“हो.”

“माझं माहेर यावल तालुक्यातलं. आमच्याकडे चौदाचा घड व्यापारी उचलत नाही. गुरांपुढे टाकतात.”

“ऑब्जेक्शन,” चौधरी म्हणाले. “मॅडमच्या माहेरचा इथे काय संबंध?”

“प्रश्नच विचारते, साहेब. प्रवीणभाऊ, माझं म्हणणं असं की करपा वगैरे काही नव्हता. तुम्हाला केळी लावताच येत नाही. नानांची सोन्यासारखी बाग तुम्ही घालवली. शिवारातले सगळ्यात भिकार घड तुमचे. खरं की खोटं?”

त्याचे कान लाल झाले. चौधरींनी हात वर केला, पण उशीर झाला होता.

“कोन म्हने? कोन म्हने असं?” तो कठडा धरून ओरडला. साळसूद मराठी गेली, रावेर बाहेर आलं. “माह्या बागाची रास अठ्ठावीसची हाये! टिश्यू कल्चरची रोपं मी आणली. ड्रिप मी टाकलं. एक पान करपलं नाही माह्या बागात! व्यापारी बांधावर उभा राहून फोटो काढून गेला!”

“प्रवीणभाऊ, विचारलं तेवढंच सांगा,” चौधरी कळवळून म्हणाले.

“प्रवीण, गप!” मागून नाना उठले.

“नाना, तुम्ही बसा,” जज साहेब म्हणाले, आणि शांतपणे स्टेनोकडे वळले. “लिहा. साक्षीदार स्वतःहून सांगतो की…”

हे ‘स्वतःहून सांगतो’ वकिलाच्या कानाला फार गोड लागतं. म्हणजे कुणी वदवून घेतलं नाही, माणूस आपणहून बोलला. नंतर त्याला ते नाकारता येत नाही. टायपिंग होईपर्यंत मी थांबले. घाई करायची नाही, हे मात्र मला वीस वर्षांत जमलंय.

“खोडं किती आहेत तुमच्या बागेत?”

“साडेसहा हजार.” मग त्याने स्वतःच दुरुस्ती केली. “सहा हजार चारशे साठ. मोजून लावली मी.”

“वा. आणि मयूरी कितवीत आहे?”

“आँ?”

“मयूरी. तुमची मुलगी. एकच आहे. कितवीत शिकते?”

त्याने चौधरींकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं. “आठवी… नववीला असेल.”

संगीता उभी राहिली. “अकरावीले शे, साहेब. सायन्सले.”

“बाई, मधे बोलू नका,” जज साहेब म्हणाले, पण आवाजात राग नव्हता. त्यांनी प्रवीणचं तेही उत्तर जसंच्या तसं लिहायला सांगितलं. मला त्या क्षणी त्या माणसाच्या दोन कानाखाली ओढाव्याशा वाटल्या. काळा कोट अंगात असला की तसं करता येत नाही. मी फक्त म्हटलं, “आणखी प्रश्न नाहीत.”

दिवाळीच्या सुट्टीआधी आदेश झाला. मासिक पोटगी पाचपट. तीही अर्ज केल्या तारखेपासून. शिवाय कॉलेज आणि हॉस्टेलचा निम्मा खर्च बापाने द्यायचा. सालदाराच्या गोष्टीवर साहेबांनी एकच वाक्य लिहिलं होतं, की स्वतःच्या बागेचा इतका अभिमान असणारा माणूस त्या बागेतला मजूर आहे हे पटत नाही.

व्हरांड्यात प्रवीण माझी वाट बघत उभा होता. मला वाटलं आता शिव्या घालणार. मी पर्स घट्ट धरली.

“मॅडम, हप्त्याचे पैसे संगीताकडे दिले मी,” तो म्हणाला. “पण एक सांगा. माझी रास चौदाची आहे हे तुम्हाला सांगितलं कोणी? नाव सांगा फक्त.”

मी फाइल उघडली, त्याचं प्रतिज्ञापत्र काढलं आणि खालच्या सहीवर बोट ठेवलं. त्याने वाचलं. बहुधा पहिल्यांदाच.

तेव्हापासून मी माझ्या प्रत्येक अशिलाला सही करण्याआधी कागद मोठ्याने वाचायला लावते. आणि अशील घरातल्या माणसाबद्दल काही सांगायला लागली, की पेन खाली ठेवून ऐकते.

संगीता पायऱ्यांवर भेटली. पेढे नाहीत, रडणं नाही. पिशवीतून एक वही काढून तिने आदेशाची तारीख लिहून घेतली.

“ताई, बारावीनंतर खर्च वाढला, तर पुन्हा अर्ज करता येतो ना?”

“येतो.”

“मग फाइल माळ्यावर टाकू नका,” ती म्हणाली, आणि हॉस्टेलचा हप्ता भरायला धुळ्याच्या गाडीकडे निघाली.