बांगड्याचा काही दोष नव्हता

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय — म्हणजे प्रयत्न करतोय. हसू नका. किंवा हसा, मला काय!

नव्वदच्या दशकात मी आखातात, फुजैराला होतो, तेलाच्या टर्मिनलवर फायबर केबल टाकायच्या कामावर इंजिनियर. केबलमधून किती उजेड पोचतो ते मोजायला ऑप्टिकल पॉवर मीटर असायचा. त्यावर दशांशचिन्हापुढे दोन आकडे दिसायचे. माझ्यासाठी ते ब्रह्मवाक्य! सोबतचं माहितीपत्रक? ते कोण वाचतं?

हँडओव्हरच्या दिवशी कन्सल्टंटने स्वतःचा मीटर आणला. आमचा जॉइंटर, म्हणजे केबल जोडणारा, धुरी — त्याने केबल आमच्या मीटरमधून काढून त्या मीटरला लावली, आणि आकडा बदलला. जरासाच. पण बदलला. "हबीबी, व्हाय?" कन्सल्टंटने विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला उत्तर येत नव्हतं. येत नाही म्हणायची हिंमत? तीही नव्हती.

मग काय — धुरीकडे बोट दाखवलं. म्हटलं, ह्याने दुपारी तळलेले बांगडे खाल्लेत, बोटांचं तेल केबलच्या टोकाच्या कनेक्टरला लागलं. कन्सल्टंटने मान डोलावली, खलास. धुरी मालवणचा, माझ्यापेक्षा वयाने मोठा. सगळ्यांसमोर आपलीच बोटं हुंगत उभा राहिला बिचारा.

त्यानंतर टेस्टिंग असलं की धुरी मासे खाईना. आणि टेस्टिंग तर सारखंच असायचं! मालवणी माणूस, पुढ्यात समुद्र, आणि ताटात डाळभात. कॅम्पातली पोरं त्याला माळकरी म्हणायला लागली.

बऱ्याच महिन्यांनी, एका शुक्रवारी वेळ जाईना म्हणून मी ते माहितीपत्रक उघडलं. साफ लिहिलं होतं — आकडे दोन दिसले तरी मीटर तितका अचूक नसतो, पाच टक्के इकडेतिकडे चालायचंच. म्हणजे दोन मीटरांत एवढा फरक पडणारच की! दोन्ही मीटर बरोबर. केबल बरोबर. बांगडा निर्दोष.

तसाच उठलो, धुरीच्या खोलीवर गेलो. सांगायलाच गेलो होतो — खरंच. तो स्टोव्हपाशी होता. मी तोंड उघडायच्या आत त्यानेच विचारलं, "सायबानू, खरां सांगा, तां माझ्या बोटांमुळांच झालेलां मां?"

एका शब्दाचं काम होतं ना? मी "हो" म्हणालो. वर आणि म्हणालो, "पण आता खूप सुधारणा आहे हं."

किती बरं वाटलं त्याला! माझ्यासाठी त्याने सुरमई तळली. दुसऱ्या दिवशी टेस्टिंग, म्हणून आदल्या रात्रीपासूनच पथ्य धरून स्वतः डाळभात घेऊन समोर बसला. मी सुरमई खाल्ली. आणखी एक तुकडा मागून घेतला.