कोरियाचा न्यायाधीश आणि वादी अदाईचे काका

मस्कतच्या कॉलेजात मी कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. ‘परदेशातल्या एखाद्या माणसाची कारकीर्द’ यावर निबंध लिहायचा होता. वर्गातल्या बहुतेक मुलींनी कोरियन गायक निवडले. मलाही कोरियाच हवा होता, पण ते गायक मला सगळे सारखेच दिसत. म्हणून मी तिथला एक सरकारी वकील निवडला. बरीच वर्षं लोकांवर आरोप ठेवून तो पुढे घटनेच्या न्यायालयात न्यायाधीश झाला. म्हणजे सरकारनं लोकांचे हक्क मोडले, तर सरकारलाच अडवायच्या खुर्चीवर बसला. निबंध लिहितानाच माझं ठरलं, पुण्याला जाऊन कायदा शिकायचा.

बाबा म्हणाले, “काकांना विचारू.”

मस्कतच्या वादी अदाई भागात आम्ही राहायचो. तिथल्या आमच्या ओळखीच्यांची मुलं काय शिकणार, हे सगळे ज्यांना काका म्हणत ते ठरवत. शुक्रवारी जेवणं झाली की आईबाप मुलांना घेऊन त्यांच्या हॉलमध्ये बसत आणि काका डायरीत लिहून घेत. ते बाबांच्याच कंपनीत कॅम्प बॉस, म्हणजे कामगारांच्या वसाहतीचे प्रमुख होते. कामगारांना वॉर्निंग लेटर तेच देत. मग बढती मिळून ते कामगारांच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीचे प्रमुख झाले. बाबा एसी मेकॅनिक. इब्रा गावातल्या साइटवर भर उन्हाळ्यात दुपारी काम थांबवून गच्चीवरून खाली उतरले, म्हणून त्यांना काकांचं लेटर मिळालं होतं. बाबांनी समितीकडे तक्रार केली. काकांनी काकांचं लेटर नीट वाचलं आणि ते बरोबर असल्याचा निकाल दिला.

त्या शुक्रवारी मी काकांना निबंध वाचून दाखवला. काका खूश झाले.

“अरे, हे तर सेम माझंच! आधी कडक ड्यूटी, मग न्यायाची खुर्ची. अगं, ऐकलंस का? कोरियातपण असंच असतं!”

“त्याची बायकोपण चहाच करत असेल,” काकू आतून म्हणाल्या.

मला खरंच एक शंका होती. टोमणा मारायचा नव्हता. तेव्हा तो मारता येत नसे.

“काका, एक गोष्ट मला नीट लिहिता आली नाही. आपणच आरोप ठेवलेली केस आपल्यापुढे आली, तर न्यायाधीश बाजूला होतो. बाबांच्या वेळी तुम्ही कसं केलंत?”

मुलांना घेऊन समोर बसलेल्या दोघांनी एकदम चहाचे कप तोंडाला लावले. कप रिकामे होते.

“कॉमर्स पूर्ण कर. खलास,” काका म्हणाले आणि डायरीत तसं लिहिलं. “वकिली तुझं काम नाही. कुठे काय बोलावं, कळत नाही तुला.”

मी सॉरी म्हणाले. काकांपुढे बाबा नेहमी खुर्चीच्या कडेवर बसत. त्या दिवशी त्यांनी पाठ टेकली.

“साहेब, हेच मला तेव्हा विचारायचं होतं. जमलं नाही.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “काय गो, पुण्याचा फॉर्म कधी भरायचा?”

काकांच्या डायरीत मी अजून कॉमर्सलाच असेन.