गाठ नेमकी कुठल्या अंगाला?

"मेंदूत गाठ आहे, डाव्या बाजूला," पुण्याच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरून सांगितलं. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, माझ्याकडं पाहिलं. मी फिल्मकडं पाहत होते. पांढरा डाग मला उजवीकडं दिसत होता, पण विचारायचा धीर झाला नाही.

भात कापताना मालकांच्या उजव्या हातातून विळा निसटायचा. पुढं शर्टाचं बटण लागेना. भोरच्या डॉक्टरांनी एमआरआय करायला पाठवलं. एमआरआय म्हणजे मोठ्या चुंबकाच्या नळीत झोपवून आतले फोटो काढणं. त्यात मेनिन्जिओमा निघाला, म्हणजे मेंदूच्या आवरणाला धरून वाढलेली गाठ. बहुतेक कॅन्सरची नव्हती, पण काढणं भाग होतं.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी त्याच तपासणीची सीडी कॉम्प्युटरवर लावली. आता डाग डावीकडं! डोकं भलत्याच बाजूनं उघडलं तर? मालक खाली मान घालून बसले होते. या खेपेला मी बोलले.

"डॉक्टर, फिल्मवर गाठ उजव्या अंगाला व्हती. हितं डाव्या अंगाला कशी?"

ते हसले नाहीत. फिल्म मागून घेतली, पडद्याशेजारी धरली.

"ताई, फिल्ममध्ये पेशंट आपल्याकडं तोंड करून असल्यासारखा दिसतो. त्याचं डावं आपल्या उजव्या हाताला येतं. हा प्रोग्रॅम मागून बघितल्यासारखं दाखवतो. गाठ डावीकडंच आहे. डाव्या मेंदूवर उजवा हात चालतो, म्हणून तोच ढिला पडलाय. तरी आपण खात्री करू."

ऑपरेशनसाठी नवा एमआरआय करायचाच होता. तेव्हा त्यांनी मालकांच्या उजव्या कानशिलावर तेलाची एक कॅप्सूल चिकटवून घेतली. फोटोत ती ठिपक्यासारखी उमटते. ठिपका एका बाजूला आणि गाठ त्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे डावीकडंच, हे त्यांनी मला बोलावून दाखवलं. ऑपरेशनच्या सकाळी मालक जागे असतानाच त्यांना विचारून डावीकडं पेनानं खूण केली.

बाहेर बाकावर बसणं फार अवघड गेलं. पण ती एक भीती तरी उरली नव्हती.

शुद्धीवर आल्यावर मालकांनी उजव्या हातानं माझी बोटं दाबली, चांगली जोरात.

"लागलं का?"

"व्हय," मी म्हणाले, आणि मला रडू आलं.

तुमच्यावर अशी वेळ आली आणि काही उमगलं नाही, तर नुसती मान डोलावून उठू नका. त्या डॉक्टरांनी मला अडाणी समजून गप्प बसवलं नाही, हे उपकार मी विसरणार नाही. आपल्या माणसाचं डोकं आहे. विचारा.